फिजिक्सची गणितं अडतात कुठे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की फिजिक्सचा होमवर्क करताना नक्की कुठे अडतं ते लिहून पाठवा, आणि मुलांपेक्षा पालकांचीच पत्रं जास्त आली की काय असं वाटावं इतकी आली. मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे दिला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : मॅडम, थिअरी वाचली की कळते, सरांनी फळ्यावर गणित सोडवलं की तेही कळतं, पण घरी वही उघडली की पहिली ओळच सुचत नाही. गतीची तिन्ही सूत्रं पाठ आहेत, पण कुठलं कधी लावायचं ते कसं ओळखायचं? (अकरावी सायन्स, कराड)

अगं, तू सूत्र शोधायला फार लवकर निघतेस, एवढंच होतंय. गणित वाचून संपलं की लगेच सूत्रांची यादी डोळ्यांसमोर येते आणि मग त्यातलं एक उचलायचं, लागलं तर ठीक, नाही तर दुसरं. त्याच्या आधी एक पायरी असते आणि फळ्यावर गणित सोडवणारे सर ती मनातल्या मनात करतात म्हणून ती तुला दिसत नाही. मी इथे ती पायरी उघड करून दाखवते.

हे गणित घे. एसटी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चाललीय, ड्रायव्हरला ७० मीटरवर रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी दिसते. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत १ सेकंद जातो, आणि ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होत जातो. म्हैस वाचेल का?

वर्गात निम्मी मुलं लगेच व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस लावतात (यू सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा, एस अंतर, ए त्वरण, म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो ते), ४०० भागिले १० म्हणजे ४० मीटर, ४० हे ७० पेक्षा कमी, म्हैस वाचली, पुढचं गणित. तो १ सेकंद कुठे गेला? कुणीच वापरला नाही. आता सूत्र बाजूला ठेव आणि पेन्सिलने एक आडवी रेघ मार, डाव्या टोकाला गाडी, उजवीकडे म्हैस, मध्ये ७० मीटर. रेघ काढली की लगेच दिसतं की प्रवासाचे दोन तुकडे आहेत, ब्रेक लागायच्या आधीचा आणि नंतरचा, आणि दोन्ही तुकड्यांना एकच सूत्र लावता येणार नाही कारण पहिल्यात वेग बदलतच नाहीये. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर (५ ने गुणून १८ ने भागायचं). पहिला तुकडा १ सेकंदाचा, गाडी २० मीटर पुढे आली. दुसऱ्या तुकड्यात वेग २० वरून शून्यावर यायचाय, दर सेकंदाला ५ ने कमी होतोय, म्हणजे ४ सेकंद लागणार, त्या ४ सेकंदात सरासरी वेग १०, म्हणून ४० मीटर. एकूण ६०. म्हैस १० मीटरने वाचली, आणि बघ, आपण अजून एकही सूत्र वापरलेलं नाही.

आता तेच गणित ताशी ९० ने कर. सेकंदाला २५ मीटर. पहिल्या सेकंदातच २५ मीटर गेले, उरले ४५. थांबायला मात्र ५ सेकंद आणि ६२ पूर्णांक ५ मीटर लागणार, तेवढी जागाच नाही. धडक बसणार. मग प्रश्न येतो की म्हशीपाशी पोचताना वेग किती असेल, आणि इथे खरंच सूत्र लागतं. कुठलं? काय दिलंय ते लिही : सुरुवातीचा वेग, त्वरण, अंतर. काय विचारलंय : शेवटचा वेग. कशाचं नावच नाही : वेळ. म्हणून ज्यात वेळ नाही ते सूत्र. तिन्ही सूत्रांत एकेक गोष्ट गैरहजर असते, पहिल्यात विस्थापन (सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ अंतर) नसतं, दुसऱ्यात शेवटचा वेग नसतो, तिसऱ्यात वेळ नसते, आणि तुझ्या गणितातही जी गोष्ट गैरहजर आहे तिच्यावरून सूत्र ठरतं, पाठांतरावरून नाही. २५ चा वर्ग ६२५, त्यातून २ गुणिले ५ गुणिले ४५ म्हणजे ४५० गेले, उरले १७५, वर्गमूळ साधारण १३ पूर्णांक २, म्हणजे ताशी जवळजवळ ४८ किलोमीटर.

वेग फक्त १८ ने वाढला, आणि जी गाडी १० मीटर अलीकडे थांबत होती ती आता ४८ च्या वेगाने आदळतेय. हे गणित मी दरवर्षी वर्गात घ्यायचे आणि दरवर्षी या उत्तरापाशी वर्ग एकदम शांत व्हायचा, कारण त्यातली कितीतरी मुलं हायवेवरून टू-व्हीलरने कॉलेजला येत असत. होमवर्कमधल्या आकड्याला असा अर्थ असतो, तो कळला की पहिली ओळ आपोआप सुचायला लागते.

प्रश्न : न्यूटनचा तिसरा नियम आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागे ओढत असेल तर गाडी जागची हलणारच नाही, तुझं पुस्तक चुकलंय. मला उत्तर देता आलं नाही. (दहावी, तासगाव)

आजोबांना माझा नमस्कार सांग, त्यांनी अगदी मुळावरच बोट ठेवलंय. ही शंका आली नाही त्याला तिसरा नियम कळलाच नाही असं मी म्हणेन.

पुस्तक बरोबर आहे, गाडी आणि बैल एकमेकांना सारख्याच बलाने ओढतात, गाडी पळत असताना सुद्धा. पण ही दोन बलं एकाच वस्तूवर नाहीयेत. एक गाडीवर आहे, दुसरं बैलांवर. एकमेकांना रद्द करायला दोघं एकाच वस्तूवर लागतात. तुझ्या खिशातून १०० रुपये गेले आणि माझ्या खिशात १०० आले तर बेरीज शून्य येते, पण म्हणून तुझ्या खिशात काही झालंच नाही असं म्हणता येतं का?

म्हणून वहीत दोन वेगळी चित्रं काढायची, एकात फक्त गाडी, दुसऱ्यात फक्त बैलजोडी. मधली दोरी, जू, सगळं कापून टाकायचं आणि त्या जागी बाण काढायचा. समज गाडी मालासकट ८०० किलोची, बैलजोडी ८०० किलोची. बैल गाडीला ६०० न्यूटनने पुढे ओढतायत, चाकांचं आणि रस्त्याचं घर्षण ४०० न्यूटनने मागे धरतंय. गाडीच्या चित्रात उरलं २०० पुढच्या दिशेने, ८०० किलोला २०० न्यूटन, त्वरण पाव मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी निघाली. आता बैलांचं चित्र. जू त्यांना ६०० ने मागे ओढतंय, हेच ते आजोबांचं बल. तरी बैल सुद्धा गाडीबरोबर त्याच त्वरणाने पुढे जातायत, म्हणजे त्यांच्यावर पण २०० न्यूटन पुढे उरायला हवं, म्हणजे कुणीतरी त्यांना ८०० ने पुढे ढकलतंय. कोण?

जमीन! बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. आजोबांना हे नवीन नाही. पावसाळ्यात चिखलात खूर घसरायला लागले की गाडी रुतून बसते, बैल कितीही ताकदीचे असू देत, आणि मग माणसं चाकाखाली आणि खुरांखाली दगडगोटे, पाचट टाकतात. ताकद तीच असते, जमीन रेटा देत नाही एवढंच झालेलं असतं. त्यांना हे चिखलाचं सांग, आकडे नंतर दाखव.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच जागी क्षणभर थांबतो, तर तिथे त्वरण शून्य असणार असं मी सांगितलं, तो म्हणतो शाळेत ९.८ सांगितलंय. दुसरं म्हणजे 'जी' (गुरुत्वाचं त्वरण, तेच ९.८) कधी अधिक घेतात कधी वजा, त्याचा नियम काय? (पालक, नाशिक)

मुलगा बरोबर आहे. तुमचा गोंधळ होतोय तो 'थांबतो' या शब्दामुळे, कारण आपल्या बोलण्यात थांबणं म्हणजे थोडा वेळ तिथे असणं. चेंडू वर किती वेळ थांबतो? शून्य सेकंद. सर्वोच्च जागेच्या एक दशांश सेकंद आधी तो साधारण सेकंदाला १ मीटरने वर चाललेला असतो, एक दशांश सेकंद नंतर तेवढ्याच वेगाने खाली येत असतो, म्हणजे दोन दशांश सेकंदात वेग २ ने बदलला, सेकंदाला १० ने. बदल चालूच आहे, मध्ये कुठे सुट्टी घेतलेली नाही. खात्यातली शिल्लक शून्यावर आली म्हणजे खर्च थांबला असं होत नाही ना, तसंच. आणि तिथे खरोखर त्वरण शून्य झालं असतं तर चेंडू दहीहंडीसारखा वरच लटकून राहिला असता.

चिन्हाचा नियम सोपा आहे, तो पुस्तक ठरवत नाही, तुम्ही ठरवायचा. पानाच्या कोपऱ्यात एक बाण काढायचा, 'वर अधिक' लिहायचं आणि गणित संपेपर्यंत शब्द मोडायचा नाही. निम्म्यातून चेंडू खाली यायला लागला म्हणून चिन्ह बदललं की घोळ झालाच म्हणून समजा.

मुलाला हे करायला द्या. गच्ची १५ मीटर उंच, कडेवरून चेंडू सरळ वर सेकंदाला १० मीटर वेगाने फेकला, जमिनीवर कधी पडेल? जी १० घ्या. वर अधिक म्हटलं तर वेग अधिक १०, त्वरण वजा १०, आणि चेंडू शेवटी जिथून सुटला त्याच्या १५ मीटर खाली आहे म्हणून विस्थापन वजा १५. चेंडू वर गेला, खाली आला, एकूण २५ मीटर हिंडला, पण सूत्राला हिंडण्याशी देणंघेणं नाही, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे एवढंच त्याला हवं असतं. दुसऱ्या सूत्रात (विस्थापन बरोबर यू टी अधिक अर्धा ए टी वर्ग, टी म्हणजे वेळ) टाकून ५ ने भागलं की टी वर्ग वजा २ टी वजा ३ बरोबर शून्य येतं, टी ३ किंवा वजा १. उत्तर ३ सेकंद.

सगळे वजा १ वर काट मारतात आणि पुढे जातात, होमवर्कपुरतं ते बरोबरच आहे, पण एकदा तरी मुलाबरोबर बसून त्या वजा १ कडे बघा. फेकायच्या १ सेकंद आधी चेंडू जमिनीवर होता असं गणित म्हणतंय. म्हणजे काय? म्हणजे गच्चीवर तुम्ही नसताच, आणि १ सेकंद आधी खालून कुणीतरी सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू वर फेकला असता, तर तो तुमच्या गच्चीच्या कडेशी बरोबर १० च्या वेगाने आला असता आणि पुढे सगळं तसंच घडलं असतं. गणिताला तुमचा हात माहीत नाही, त्याला फक्त चेंडूची वाट माहीत आहे. मला स्वतःला हे कळलं तेव्हा मी बी.एस्सी.ला होते आणि त्या दिवशी मला फिजिक्स आवडायला लागलं.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, ८८ टक्के पडले. आता अकरावीला सगळं इंग्रजीत. गणित जमतं पण प्रश्न काय विचारतोय तेच समजत नाही, डिक्शनरी घेऊन बसतो तरी अर्थ लागत नाही. बाकीची मुलं पुढे चाललीत. (अकरावी सायन्स, परभणी जिल्हा)

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी पण मराठी माध्यमातलीच. अकरावीत मला 'रिस्पेक्टिव्हली' हा एक शब्द अडला होता, विचारायची लाज वाटली, आणि सहामाहीत त्या शब्दापायी एक अख्खं गणित गेलं, त्या शब्दाचा अर्थ फक्त 'अनुक्रमे' एवढाच होता. म्हणून आधी हे सांगते की वर्गात हात वर कर, तुझ्यासारखे अजून दहा जण गप्प बसलेले असतात.

डिक्शनरीने अर्थ लागत नाही कारण हे शब्द गणितात डिक्शनरीच्या अर्थाने येतच नाहीत, त्या सूचना असतात. 'स्मूथ' म्हणजे गुळगुळीत हे डिक्शनरी सांगेल, पण गणितात त्याचा अर्थ 'घर्षण शून्य धर'. 'रफ' म्हणजे घर्षण आहे, विसरू नको. 'लाईट' दोरी म्हणजे उजेडाची नाही आणि नुसती हलकी पण नाही, दोरीचं वस्तुमान सोडून दे, म्हणजे तिच्यात सगळीकडे ताण सारखाच. 'इनएक्स्टेन्सिबल' म्हणजे न ताणणारी, याचा फायदा असा की दोन्ही टोकांच्या वस्तूंचं त्वरण सारखंच असणार. 'फ्रॉम रेस्ट' दिसलं की सुरुवातीचा वेग शून्य लिहून मोकळा हो. 'ड्रॉप्ड' म्हणजे नुसता सोडला, तोही शून्यच. 'युनिफॉर्म' म्हणजे बदलत नाही. आकडा दिला नाही असं वाटतं तेव्हा तो अशा शब्दात लपलेला असतो.

आता पुस्तकातली ती नेहमीची ओळ बघ, लाईट इनएक्स्टेन्सिबल दोरीला ३ किलो आणि २ किलोची दोन वजनं बांधून ती फ्रिक्शनलेस पुलीवरून सोडलीत, त्वरण आणि ताण काढा. वाचताना घाम फुटतो, पण मराठीत गोष्ट काय आहे? विहिरीवर कप्पी आहे, दोरीच्या एका टोकाला जड बादली, दुसऱ्या टोकाला हलकी, सोडून दिल्यावर जड खाली जाणार, हलकी वर येणार. बस. ओढणारा फरक १ किलोच्या वजनाचा, ९.८ न्यूटन, आणि हलवायचंय एकूण ५ किलो, म्हणून त्वरण १.९६. ताणासाठी फक्त हलक्या बादलीचं चित्र काढ, वर ताण, खाली १९.६, आणि ती वर त्वरणाने चाललीय, म्हणून ताण २ गुणिले ११.७६ म्हणजे २३.५२ न्यूटन. उत्तर पटतंय का तेही लगेच बघ : ताण हलक्या बादलीच्या वजनापेक्षा जास्त हवा नाही तर ती वर येणार नाही, जड बादलीच्या २९.४ पेक्षा कमी हवा नाही तर ती खाली जाणार नाही. २३.५२ दोघांच्या मध्ये आहे. हे यंत्र इंग्लंडच्या जॉर्ज अ‍ॅटवुड यांनी १७८४ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. सरळ पडणारी वस्तू इतक्या झटकन पडते की त्या काळच्या घड्याळाने नीट मोजता येत नसे, या कप्पीने तेच पडणं आपल्या आकड्यांत पाचपट संथ केलं. म्हणजे हे मुलांना छळायला काढलेलं गणित नाही, ते मोजमापासाठीच जन्माला आलंय.

एक शब्द मात्र जपून, 'जस्ट'. २० किलोची पेटी, घर्षणांक ०.४ (म्हणजे कमाल घर्षण पेटीच्या वजनाच्या ०.४ पट), ती 'जस्ट' हलायला किती बल लागेल? ०.४ गुणिले २० गुणिले ९.८, म्हणजे ७८.४ न्यूटन. बरोबर. पण पुढे विचारलं की ५० न्यूटनने ढकललं तर घर्षण किती, तर बहुतेक जण पुन्हा ७८.४ लिहितात. तसं असतं तर तुम्ही पुढे ५० ने ढकलल्यावर पेटी उलटी तुमच्याच अंगावर आली असती! घर्षण ५० च असणार, जेवढ्यास तेवढं, ७८.४ ही त्याची कमाल मर्यादा आहे. 'जस्ट' हा शब्द सांगतो की आपण त्या मर्यादेवर उभे आहोत, तो नसेल तर मर्यादेचं सूत्र लावायचं नाही.

आणि सगळा दोष इंग्रजीचाच नाही हं. आपण मराठीत 'माझं वजन ५० किलो' म्हणतो, फिजिक्समध्ये ते वस्तुमान झालं आणि वजन झालं ४९० न्यूटन. जोर, ताकद, शक्ती आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथे बल वेगळं, ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी. ही अडचण इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही तेवढीच असते.

तू वहीच्या शेवटच्या पानांवर स्वतःचा कोश कर, शब्द आणि त्यासमोर 'म्हणजे काय करायचं' एवढंच. आणि प्रत्येक गणिताच्या वर पेन्सिलने मराठीत दोन ओळी गोष्ट लिही, उत्तर इंग्रजीत लिही. एका टर्मनंतर त्या दोन ओळी लिहायची गरज उरत नाही, हे मी खूप मुलांच्या वह्यांत बघितलंय.

प्रश्न : उत्तर बरोबर होतं, फक्त एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापला. हा अन्याय नाही का? (अकरावी, चिपळूण)

नाही. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोईंग ७६७ विमानाचं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. तिथे तेव्हा पौंडावरून किलोवर जायचं काम चालू होतं, आणि लिटरचं किलो करताना १.७७ ने गुणलं गेलं, पण तो आकडा एका लिटरला किती पौंड याचा होता, किलोसाठी ०.८ च्या आसपास हवा होता. त्यामुळे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं. वैमानिकांनी ते विमान ग्लायडरसारखं तरंगत आणून गिमली गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. गुणाकार बरोबर होता. आकड्यामागे एकक कुठलं, एवढंच चुकलं होतं.

प्रश्न : उतारावरच्या गणितात साइन कुठे आणि कॉस कुठे हे मी दर वेळी विसरते. (अकरावी, सातारा)

पाठ करू नको, उतार सपाट करून बघ. कोन शून्य झाला की रस्ता आडवा झाला, आडव्या रस्त्यावर उभा ट्रक आपण होऊन घसरत नाही, म्हणजे उताराच्या दिशेने ओढणारं बल शून्य व्हायला हवं. शून्य अंशाला शून्य कोण होतं? साइन. मग उताराला लंब दिशेला कॉस. परीक्षेत ५ सेकंद लागतात.

प्रश्न : जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी वेग ५० का नाही? (निवृत्त वाचक, सोलापूर)

कारण गाडी ४० च्या वेगाने जास्त तास चालली. २४० किलोमीटर अंतर धरा, जायला ६ तास, यायला ४ तास, ४८० किलोमीटरला १० तास. ४८. तुम्ही पत्रात लिहिलंय की नातवाच्या वहीत उत्तर ४८ बघून तुम्ही ते खोडलंत, तर ते कृपया परत लिहून द्या, पोराने बरोबर सोडवलं होतं.

प्रश्न : मुलगा गणिताचा फोटो काढतो, अ‍ॅप पूर्ण सोल्युशन देतं, तो उतरवतो. वही पूर्ण, टेस्टमध्ये २० पैकी ६. फोन काढून घेऊ का? (आई, ठाणे)

फोन काढून घेतलात तर तो गाईडमधून उतरवेल, आमच्या वेळी आम्ही मैत्रिणीच्या वहीतून उतरवायचो. पण खरं सांगते, सोल्युशन वाचताना जे 'हां हां, कळलं' वाटतं ना ते फसवं असतं, दुसऱ्याला पोहताना बघून पोहणं कळल्यासारखं. त्याला आळशी म्हणू नका, त्याला खरंच वाटतंय की त्याला येतंय, आणि टेस्टमध्ये ६ मिळाल्यावर सगळ्यात जास्त धक्का त्यालाच बसला असणार.

घरात एकच नियम करा, वहीत चित्र आणि 'काय दिलंय, काय हवंय' लिहून झाल्याशिवाय फोनला हात नाही. त्यानंतर १५-२० मिनिटं स्वतः झगडायचं, चुकलं तरी चालेल, खोडायचं नाही. मग अ‍ॅप उघडलं तर फक्त पहिली पायरी बघायची, फोन पालथा, पुढचं स्वतः. आणि जे गणित असं बघून सोडवलं ते दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, आकडे बदलून, ७० मीटरच्या जागी ५५ टाकून. बदललेल्या आकड्याचं उत्तर कुठे छापलेलं नसतं, त्यामुळे बरोबर आहे की नाही हे त्यालाच ठरवावं लागतं, वर कप्पीच्या गणितात केलं तसं. (अ‍ॅपही चुकतं, आणि पुस्तकामागचं छापील उत्तरही कधीकधी चुकतं, हे त्याला स्वतःला सापडलं तर मोठा आनंद होईल.)

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला फिजिक्स येत नाही म्हणून मदत करता येत नाही. येते की! पोळ्या लाटताना त्याला समोर बसवा आणि म्हणा, मला गणित नको, गोष्ट सांग, कोण कुणाला ढकलतंय, आधी काय होतं, मग काय होतं. तो जिथे अडखळेल तिथेच त्याचं गणित अडलेलं असतं, आणि बऱ्याचदा बोलता बोलता त्याचं त्यालाच सापडतं.

जाता जाता सगळ्यांसाठी एक. ५० किलो वस्तुमानाची मुलगी लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे आणि त्या क्षणी काटा ६० किलो दाखवतोय. लिफ्टचं त्वरण किती आणि कुठल्या दिशेला? आणि लिफ्ट वर चाललीय की खाली, हे यावरून सांगता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नका. चित्रासकट पाठवा, चित्र नसलेलं उत्तर मी तपासणार नाही.